सदरहू गाडीची डावी सीट

मी सरूबाई, कै. दीनानाथ गोळे यांची पत्नी, वय पासपोर्टाप्रमाणे अठ्ठ्याहत्तर, मूळ राहणार तालुका वाई, हल्ली मुक्काम मुलाकडे, ग्लेन वेव्हर्ली, मेलबर्न. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. ते शाबूत आहे तोवर, कोणी धमकावले नसताना आणि कोणी गोड बोललेले नसताना, माझ्या मागे कोणी भांडू नये म्हणून, आणि भांडलेच तर मुद्द्याला धरून भांडावे म्हणून, हे मृत्युपत्र करून ठेवते. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते आणि श्री. कुमार देवस्थळी लिहितात. ते पुण्यात दस्त लिहीत असत, त्यामुळे 'सदरहू' हा शब्द त्यांच्या पेनातून आपोआप गळतो. चहाच्या एका कपामागे एक 'सदरहू' चालेल, असे आमचे ठरले आहे.

कलम १. गावाकडचे घर मी पूर्वीच धाकट्या दिरांच्या मुलांना देऊन टाकले आहे. त्या वेळी त्यांनी मला साडी नेसवली. पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला. घर परत मागत नाही, पण रंग गेला हे कागदावर असू द्यावे.

कलम २. माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ नात उर्वी हिला. ही युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकते. पुरणयंत्रही तिलाच देणार होते, तर म्हणाली, "आजी, नो वरीज, आय'ल जस्ट बाय पुरणपोळी." तेव्हा पुरणयंत्र मराठी मंडळाला द्यावे. मंडळाच्या पोळीत पुरण शोधावे लागते, हे माझे जुने म्हणणे आहेच.

कलम ३. परदेशातील मालमत्ता. इटलीत स्टेल्व्हिओ नावाचा घाट आहे. त्याच्या उतारावर, एका वळणाखाली, दरीच्या अंगाला माझी वरची कवळी पडलेली आहे. ती तिथे कशी गेली ते पुढच्या कलमात येईल. ज्याला सापडेल त्याने ठेवावी. वारसांनी तक्रार करू नये.

कलम ४. गाडी. सदरहू गाडी (कुमाररावांचा पहिला कप) हिरवी आहे, दोन माणसांची आहे, वर टप नाही आणि उंचीला आमच्या गोठ्यातल्या गव्हाणीएवढी आहे. कागदोपत्री ती माझी आहे. कशी, ते ऐका.

बारा वर्षांपूर्वी माझा मुलगा यतिन याला कंपनीने मेलबर्नहून दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवले, आम्ही सगळे बरोबर गेलो. तिथे त्याच्या मनात ही गाडी भरली. सूनबाई विनिता म्हणाली, "आधी घर, मग खेळणी." यतिनने मान डोलावली आणि गाडी घेतली, माझ्या नावावर. आमच्याकडे जमीन, गॅस, टेलिफोन सगळे आईच्या नावावर घ्यायची रीत आहे, त्यात ही खपून गेली. बायकोला त्याने सांगितले, "आईची हौस गं. या वयात तिला नाही कसं म्हणायचं?"

विनिता माझ्याकडे आली. मी मेथी निवडत होते.

"आई, तुम्हाला स्पोर्ट्स कार हवी होती?"

तिच्या पाठीमागे यतिन हात जोडून उभा. पोटचा पोर. मी म्हणाले, "हिरवी हवी होती."

यतिन सांगायचा की या गाडीची सगळी किंमत तिच्या हलकेपणात आहे. एक किलो कमी झाला की ती वळणावर वासरासारखी उडते म्हणे. म्हणून त्याने आतला गालिचा काढला, रेडिओ काढला, जादा चाक काढले, उन्हाच्या झडपा काढल्या. काढताना शेजारी बिस्किटांचा पुडा असे. गाडी हलकी होत गेली, मालक भरत गेला.

मग ठरले की हिला युरोपातले घाट दाखवायचे. सीटा दोन, एक त्याची. दुसरीवर कोण? उर्वी तेव्हा लहान होती, तिच्याजवळ घरातल्या एकीला थांबणे भाग होते. कोणत्याही नवऱ्याने बायकोला विचारले असते. यतिनने न्हाणीघरातला वजनकाटा आणला आणि आम्हा सासूसुनांना एकीमागून एक त्यावर उभे केले. नऊवारी लुगड्यासकट मी सहा किलोने हलकी भरले. "आई, तू चल," तो म्हणाला. विनिता काहीच बोलली नाही. ते 'काहीच नाही' ती आजतागायत बोलते आहे.

त्या गाडीला दार नावापुरते. टांग टाकूनच आत उतरावे लागते. नऊवारीत हे जमते, पाचवारीत जमले नसते, ही नोंद नव्या बायकांसाठी.

आता युरोपची गंमत अशी की तिथे गाड्या उजवीकडून जातात आणि आमच्या गाडीचे चाकही उजवीकडेच. म्हणजे चालवणारा गटाराच्या कडेला आणि मी, डाव्या सीटवर, भर रस्त्याच्या मध्यावर. पुढे ट्रक आला की यतिनला फक्त ट्रकाचा पार्श्वभाग दिसे. समोरचा रस्ता दिसे तो मला. टोलनाके सगळे माझ्या हाताला. तिकीट मी ओढायचे, पैसे मी द्यायचे, सुटे मी मोजायचे. वाहतूक माझ्यावर होती, तो नुसता चाक धरून होता.

पहिल्या दिवशी पुढे दुधाचा टँकर.

"आई, दिसतंय का?"

"दिसतंय."

"काय?"

"चर्च. बाहेर लग्न चाललंय."

"अगं, समोरून गाडी येतेय का ते सांग!"

"मग तसं विचार. नवरी छान आहे."

तेव्हा मी रीत घालून दिली. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. शिवाय निघालेल्या माणसाला 'जा' म्हणू नये हे आम्हाला लहानपणापासून सांगितलेले. म्हणून मी यतिनच्या गुडघ्यावर थाप मारायची. एक थाप, मागे राहा. दोन थापा, काढ पुढे. असा मी तो अख्खा फ्रान्स पार केला.

तिथेच एका पोलिसाने आम्हाला थांबवले. तो सरळ माझ्या बाजूला आला, सलाम केला आणि कागद मागू लागला. मी त्याला शेंगदाण्याचा लाडू दिला. त्याने माझ्यापुढे चाक शोधले, मांडीवर पाहिले, पायाशी वाकून पाहिले. चाक नाही, लाडवांचा डबा आहे. त्याने लाडू खाल्ला आणि हाताने 'चला' केले.

कॅमेरा मात्र लाडू खात नाही. घरी दंडाचा कागद आला, सोबत फोटो. फोटोत डाव्या सीटवर मी, पदर हवेत, तोंड उघडे, आणि यतिन अर्धा अंधारात. तिकडचा माणूस पाहील तर म्हणेल, म्हातारी उधळली आहे. विनिताने विचारले, "इतक्या जोरात?" यतिनने फोटोकडे बोट दाखवले. "आई होती ना."

त्याला म्हणायचे होते की आई शेजारी होती. असे तो आता म्हणतो. विनिताने रागाने ती गाडी कधी नीट पाहिलीच नव्हती, तिने अर्थ घेतला की चालवत होते मी. फोटो घेऊन ही बातमी जहाजाने गाडीबरोबर मेलबर्नला आली आणि मंडळाच्या गणपतीत आमच्या शेजारीण मयूरा यांनी स्टीलचे ताट चाकासारखे फिरवत माझी नक्कल केली. नक्कल चांगली होती. तरीही याच कारणाने मयूरा यांना मी काहीही ठेवत नाही. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार चालतो असे कुमारराव म्हणतात, म्हणून साक्षीला त्याच आहेत. आत्ता समोर बसून हसत आहेत.

कवळीचे राहिले. स्टेल्व्हिओच्या उतारावर यतिन म्हणाला, "आई, लाडवांचा डबा दोन किलोचा असेल, टाकून देऊ या का?" मला हसू फुटले. पुढच्याच वळणावर वाऱ्याने वरची कवळी उचलली. मी एक थाप मारली, हा थांबला नाही. म्हणाला, "चला, तेवढंच हलकं."

हे मी विसरलेले नाही. तिथून इंग्लंडपर्यंत मी सूप प्यायले.

कलम ५. आता मुद्दा. गाडी गेली कित्येक वर्षे गॅरेजमध्ये चादरीखाली आहे. यतिन दर वर्षी तिची रेगो, म्हणजे नोंदणीची फी, भरतो, इंजिन ऐकतो आणि परत झाकतो, कारण त्याचे पोट आणि गाडीचे चाक यांचा आता तह होत नाही. म्हणून त्याने सिडनीत, गिरावीनला, ओजस नावाचे गिऱ्हाईक गाठले आहे. तो उद्या सकाळी येणार. काल रात्री यतिन माझ्या पायाशी बसला. "आई, एक अंगठा दे ना."

उर्वी म्हणाली, "बाबा, दॅट्स सो अनफेअर. आजी, गिव्ह इट टू मी."

अंगठा मी दिला नाही. सदरहू गाडी (दुसरा कप) मी विकत नाही आणि उर्वीलाही देत नाही. माझ्या मागे ती सूनबाई विनिता यतिन गोळे हिची. ती सीट मुळात तिची होती. पुण्यात ती वडिलांची गाडी गिअरवर चालवत असे, हे यतिन विसरला. अटी पुढीलप्रमाणे.

जादा चाक आणि गालिचा परत बसवावा. गाडीजवळ वजनकाटा आणू नये. आणि विनिताने ती एकदा युरोपात न्यावी, चाकावर तिने बसावे, डावीकडे यतिनने. मावला तर. टोल त्याने द्यावेत, ट्रक त्याने पाहावेत आणि तोंडाने काही बोलू नये, थापेने सांगावे. मावला नाही तर त्याच्याऐवजी उर्वीने जावे आणि यतिनने घरी मेथी निवडावी.

कलम ६. हे कलम मी जरा वेळाने सांगत आहे. मध्ये काय घडले ते कुमाररावांनी जसेच्या तसे लिहावे.

पाचवे कलम संपले तेव्हा विनिता तिसरा चहा घेऊन दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. चहावर साय धरली होती.

"म्हणजे हौस तुमची नव्हती?"

"रंग आवडतो मला."

"आणि तुम्ही चालवली नाहीत?"

"विनिता, मला सायकल येत नाही."

तिने ट्रे खाली ठेवला. "बारा वर्षं मी रात्रीचा भात सोडलाय, आई."

मयूराचे हसणे थांबले. विनिताने किल्ली काढली आणि म्हणाली, "चला."

कुमारराव म्हणाले, "काकू, अंगठा राहिलाय. तोवर हा नुसता कागद आहे!"

"आलेच. शाई उघडून ठेवा."

चादर निघाली. मी टांग टाकली, दोघा साक्षीदारांनी मागून ढकलले. विनिता चाकामागे अशी मावली, जणू गाडी तिचेच माप घेऊन शिवली होती. पहिला गिअर किंचाळला, दुसरा खोकला, तिसऱ्याला गाडी ओळख पटल्यासारखी चालू लागली. स्प्रिंगवेल रोडवर पुढे कचऱ्याचा ट्रक आला. या देशात गाड्या डावीकडून जातात, चाक उजवीकडे, विनिताला सगळे स्वच्छ दिसत होते. मला विचारायची काही गरज नव्हती.

"आई, दिसतंय का?" तिने विचारले.

मी तिच्या गुडघ्यावर दोन थापा मारल्या.

परत आलो तर यतिन दारापुढे उभा. विनिताचा हात अजून गिअरवर होता. त्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आई, उद्या ओजसला काय सांगू?"

"सांग, मालकीण गाडी घेऊन बाहेर गेली आहे."

"कोण मालकीण?"

"तेही त्यालाच विचारू दे. तू जादा चाक कुठे ठेवलंयस ते आठव."

हे सगळे मला वाचून दाखवले आहे. बरोबर आहे. 'सदरहू' ठरल्यापेक्षा जास्त नाहीत. गुडघ्यांमुळे मला लगेच उतरता आले नाही, म्हणून साक्षीदार गाडीच्या दोन्ही अंगांना उभे आहेत आणि शाईचा पॅड बॉनेटवर आहे. बॉनेट गरम आहे. माझ्या मुलाला काल हवा होता तो अंगठा, ज्याने युरोपभर टोलची तिकिटे ओढली तोच डाव्या हाताचा, मी येथे देते. दुसऱ्या कुठल्याही कागदावर तो दिसला तर माझा नाही असे समजावे.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: सरूबाई दीनानाथ गोळे
(थोडी हलली आहे. विनिताने इंजिन बंद केलेले नाही.)

साक्षीदार:
१. कुमार देवस्थळी, लिहिणार. सही. चहा तीन, तिसरा सायीसकट.
२. मयूरा केळुसकर, शेजारीण. सही. ताट परत केले आहे.

स्थळ: सदरहू गाडीची डावी सीट, घरापुढे, ग्लेन वेव्हर्ली
दिनांक: १४ मार्च २०२५