प्रिय दिपाली

१० नोव्हेंबर
कार्ड आलं! क्रेडिट कार्ड! माझ्या स्वतःच्या नावाचं!
कुरिअरवाल्याने दारातून विचारलं, "विद्युल्लता कोण?" आणि धनेशने — सख्ख्या नवऱ्याने! — सांगितलं, "इथं कोणी नाही." मी मसाल्याचे हात घेऊन आतून धावले, "अहो, मीच ती!" (तोंडावर 'अहो'. इथे पानावर नावानेच लिहिते, कोण बघतंय!)
त्याची तरी काय चूक? बाबा पडघ्याला शाळामास्तर, त्यांनी हौसेने ठेवलेलं नाव. लग्नात आक्का, म्हणजे माझी सासू, म्हणाली, "एवढा लांब नाव? हाक मारून होईतो भात करपल!" झालं. धनेशने ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं — दिपाली. बँकेत, आधारवर मात्र मी अजून विद्युल्लताच. बाबांनी उघडून दिलेलं खातं, त्यात मी विकते त्या मसाल्याचे पैसे, त्यावर हे कार्ड.
धनेशची अट — "एकदा जरी फसलीस ना, कात्रीने तुकडे करीन." त्याच्या मित्राला ईमेलवरून कोणीतरी लुबाडलं, तेव्हापासून धसका घेतलाय.
मी का फसतेय!

१३ नोव्हेंबर
पहिली खरेदी — विमानाची दोन तिकिटं! मी आणि आक्का. तीस तारखेला बंगळूरला, माझ्या लेकीच्या, मृणालीच्या नव्या घरी. घरामागच्या गोदामावरून विमान गेलं की आक्का मान मोडेस्तोवर वर बघते. म्हणते, "कुठं पन ने गो, पन एकदा वरून बघाचा हाय."
तिच्या आधारवर नाव भागीरथी. ते टाकलं, बटण दाबलं. तिकिटं झाली तेव्हा दोघी नाचलो!

१६ नोव्हेंबर
आक्काला विमानासाठी नवी साडी हवी! म्हणून भिवंडीत धामणकर नाक्याला. रिक्षा, धूळ, हॉर्न, पण बाई खूश. दुकानात लकी ड्रॉ. पहिलं बक्षीस मिक्सर. कुपनावर नाव, फोन, ईमेल लिहायचं. आक्का शेजारी उभी, म्हणून दिपाली लिहिलं. उगाच कशाला!

१९ नोव्हेंबर
मिक्सर नाही लागला. साडी मात्र झकास.

२१ नोव्हेंबर
सगळं लिहूनच काढते.
दुपारी मेल आला. वर बँकेचं चिन्ह, खाली लाल अक्षरं. तुमचं कार्ड आज बंद होणार, कार्डावरची सगळी बुकिंग रद्द होणार, लगेच इथे दाबून खात्री करा. बुकिंग रद्द! माझ्या डोळ्यांपुढे आक्काची साडी. ती शेजारीच शेंगा सोलत होती. मी वाचून दाखवलं तर तीच घाबरली. "भर गो बाय, लवकर भर! इमान जाल ना!"
दाबलं मी. हो, दाबलं! पान उघडलं. कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, ओटीपी, सगळं मागत होतं. मी कार्ड हातात धरून आकडे टाकायला लागले. अर्धे टाकलेसुद्धा. पुढचे बघायला कार्ड डोळ्यांजवळ नेलं, तर आकड्यांखाली माझं नाव — विद्युल्लता.
मग मेल परत बघितला. 'प्रिय दिपाली.'
अगं पण बँकेला दिपाली कुठे माहितीये? बँकेच्या बापाला माहीत नाही! ईमेलसोबत दिपाली मी जन्मात एकाच ठिकाणी लिहिलंय — साडीच्या दुकानातल्या कुपनावर!
पान तसंच बंद केलं. कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन लावला. तिथली बाई गोड बोलली. "विद्युल्लता मॅडम, तुमचं कार्ड चालू आहे. आम्ही मेलवर नंबर, ओटीपी कधीच मागत नाही. घाई कोणी केली की समजायचं, दाल में कुछ काला है." मग पाठवणाऱ्याचा पत्ता बघितला. बँकेच्या नावापुढे भलतंच शेपूट! आधी का नाही दिसलं? बाईने सांगितलं तसा मेल त्यांच्या तक्रारीच्या पत्त्यावर पाठवला.
आक्काला म्हटलं, विमान जागेवर आहे. ती म्हणाली, "मेल्याच्या तोंडात माती!" आणि शेंगा परत ओढल्या.

२२ नोव्हेंबर
धनेशला सगळं सांगितलं. अर्धा नंबर टाकला होता तेही. लपवायचं कशाला?
ऐकून तो उठला, ड्रॉवरमधून कात्री काढली. मी कार्ड पदराखाली धरलं. तर त्याने खिशातून काय काढावं? दुसऱ्या कुठल्यातरी दुकानाची लकी ड्रॉची कुपनं, नाव-ईमेल भरून तयार! मोटारसायकलच्या आशेने! कराकरा कापली. मी हसून हसून खाली बसले.
आता स्वतःला कसलाही मेल आला की त्याची हाक येते, "विद्यु… विद्युल्लता! जरा बघ गं, हा खरा का खोटा?" जीभ अडखळते. पण मारतो हाक. लग्नापासून पहिल्यांदा! मी मुद्दाम दोनदा ऐकू आलं नाही असं करते.

३० नोव्हेंबर
उडालो!!
विमानतळावर पोरीने तिकीट बघून विचारलं, "विद्युल्लता कोण?" मी ऐटीत हात वर केला. आक्का माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हाक मारून झाला गो. भात न्हाय करपला."
वर गेल्यावर खिडकीला नाक लावून बसली. ढग बघून म्हणते, "भिवंडीचा सगला कापूस हितं आनून टाकलाय काय?" माझा हात उतरेपर्यंत सोडला नाही. मीही नाही.

३ डिसेंबर
बंगळूर. आक्काला स्वतःचा ईमेल हवाय! मी विचारलं, "नाव काय लिहू? भागीरथी?"
"तो सासरचा. तांदलात लिवलेला." माझ्याजवळ सरकली. "रूपा लिव. आयबापाशी मी रूपा व्हते. घरात कोनाला बोलू नको. मंग मेलात जो रूपा बोलल तोच खरा."
इतकी वर्षं मी कधी विचारलंच नव्हतं.
तिला पहिला मेल मीच पाठवला — 'प्रिय रूपा, आज भाजी काय करू? — विद्युल्लता.'