अर्ध्या इंचाचं गाजर

आदरणीय अक्का,

तुमच्या शिंपी मेहुण्याचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात वाकलं की कंबर धरते, पण कागदावर वाकायला काय जातं!) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना बंद केल्यापासून तुम्ही गच्चीवर रोपं लावायला घेतलीत असं कळलं. धन्य आहे तुमची. इकडे आप्पा, कन्या आणि मी सुखरूप आहोत. सुखरूप हा शब्द मी पुष्कळ विचार करून लिहिला आहे.

तुमच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या हिला, दवाखान्यात मुख्य परिचारिकेची जागा देऊ केली आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ड्युटी दुपारपासूनची, आणि उत्तर शनिवारपर्यंत द्यायचं. इतक्या वर्षांनी चालून आलेली जागा, आणि ही नाही म्हणायला निघाली! का, तर "संध्याकाळी तुम्हा तिघांच्या पोटाचं काय?" मी ऐटीत म्हणालो, "भाज्या घालून भात तर करायचा! तू वीस मिनिटांत करतेस, मी पंचवीस घेईन." झालं. तिने तीन दिवस दुपारची ड्युटी मागून घेतली. तिन्ही संध्याकाळी सगळे पोटभर जेवले तरच नवी जागा, असं ठरलं.

पहिल्या दिवशी मी टेप घेऊनच बसलो. अठरा वर्षं मी तिच्या चिरण्याला हसत आलोय. (एक फोड एवढी, दुसरी तेवढी, असं कापड कापलं तर गिऱ्हाईक माझाच गळा कापेल.) मी गाजर, फरसबी, फ्लॉवर सगळं अर्ध्या इंचाचं कापलं. कडा अशा सरळ की पाहत राहावं. पाहण्यातच पाऊण तास गेला. मग सगळं एकदम तांदळात टाकलं. फ्लॉवर विरघळून नाहीसा झाला आणि गाजर जसंच्या तसं राहिलं. आप्पांनी एक तुकडा चावला, कवळी काढून ताटाशेजारी ठेवली आणि दूध-पाव मागितला. दुसऱ्या दिवशी वाटलं, पाणी कमी पडलं असणार. आम्ही कापडात दोन बोटं जास्तीची सोडतो, तशी पाण्यातही सोडली. त्या दिवशी भात वाढावा लागला नाही, ओतावा लागला. कन्येने विचारलं, "बाबा, हे प्यायचं का?" पुन्हा दूध-पाव.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती डब्यासाठी तोच भात करत होती. मी चष्मा शोधायच्या निमित्ताने दारात उभा राहिलो (चष्मा डोळ्यांवर होता). अक्का, काय सांगू! वेणी घालायला जाण्याआधी तिने तांदूळ भिजत टाकले. गाजर बारीक, फरसबी त्याहून जरा मोठी, फ्लॉवरचे चांगले मोठाले तुरे, आणि मटार अगदी शेवटी मूठभर. म्हणजे सगळं एकाच वेळी शिजावं म्हणून ती वेगवेगळं चिरते! आणि हे करताना ती कन्येचा पाढा ऐकते, आप्पांच्या गोळ्या काढून ठेवते. टेप नाही, खडू नाही, सगळं हातात. इतकी वर्षं मी ज्याला वेडंवाकडं म्हणत होतो ती कारागिरी होती. मला माझी लाज वाटली आणि तिचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी तसंच केलं. आप्पांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. कन्येने पातेलं खरवडलं. ड्युटीवरून येणाऱ्या हिच्यासाठी एक ताट झाकून ठेवलं.

आपला,
मेहुणा

ता. क. : ती तुम्हाला विचारल्याशिवाय काही ठरवत नाही. तेव्हा शनिवारच्या आत फोन करून तिला ती जागा घ्यायला लावा. पहिल्या दोन दिवसांबद्दल मी तिला "झकास" एवढंच सांगितलंय. तुम्हीही तेवढंच सांगा. आणि कारागिरीबद्दल लिहिलंय ते तुमच्या शब्दांत तिच्या कानावर घाला. मला तोंडावर जमत नाही.

ता. क. २ : पत्र पेटीत टाकायला तिच्याकडेच देतोय. पाकीट नीट चिकटवलंय.

अक्का, हे अक्षर माझं. पाकीट उघडलं गं. दोनदा वाचलं, आणि शनिवारची वाट न बघता होकार देऊन आले. तिसऱ्या दिवशीचं गाजरही कच्चंच होतं. आप्पांनी त्यांच्या वाटणीचं रुमालात बांधून ठेवलेलं मला दाखवलं. मी मात्र माझं ताट सगळं संपवलं. यांना कळवू नकोस.