कुतूहल : दहा ते अकरा

५ जानेवारी
काल नात आली, आमची मुंगी. एक बॅग, एक उशी आणि दारातच एक प्रश्न : आजी, तुझ्या जिन्याला वळण का आहे? मी म्हटलं, आधी चपला काढ.

तिच्या शाळेच्या छताची दुरुस्ती निघाली आहे. ती संपेपर्यंत तिसरीच्या मुलांनी घरीच शिकायचं, असं शाळेने कळवलंय. सूनबाई नर्स, तिची शिफ्टची ड्युटी. मुलगा लिफ्ट दुरुस्त करत गावोगाव फिरतो. म्हणून माझ्याकडे. मुलगा म्हणाला, आई, महिनाअखेर आम्ही दोघं येऊन बघतो. मुंगी रमली तर पुढच्या वर्षीही तुझ्याकडेच ठेवू, इथल्याच शाळेत घालू. मी म्हटलं, माझं काय, तुमची सोय बघा.

माझ्यासाठी म्हणून मुळीच नाही. हे गेल्याला दोन वर्षं झाली, एकटीची सवय झालीय. उलट पलीकडच्या खाटेवर कुणी कूस बदलली की मला जाग येते. काल बऱ्याच वेळा आली. आज ताजंतवानं वाटतंय, ते हवेमुळे.

६ जानेवारी
वाचनालयात गेले. घरी शिकणाऱ्या मुलांचं कुतूहल आणि सर्जनशीलता कशी फुलवावी, यावरचं जाड पुस्तक आणलं. तिथली बाई शिक्का मारताना म्हणाली, आजी, हे नातीसाठी नेताय की नातीवर नेताय? तिला विनोदाची खोड आहे.

मी चौथी शिकलेली. पुढचं सगळं त्याच वाचनालयाच्या कपाटांतून. यांच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की स्टुलावर बसून वाचायची. हे म्हणायचे, अगं, भिंगं विकून मी लोकांना दाखवतोय आणि बघून घेतेयस तू. तेव्हा मूल कसं घडवावं, हे मला कुणी सांगायला नको.

संकल्प : मुलीचा एकही प्रश्न दाबायचा नाही.

७ जानेवारी, सकाळी ९
दुधावर साय का येते? सायीखाली दूध कसं असतं, बाहेर का येत नाही? मुंग्यांना गुडघे असतात का? तुला मिशी का आहे? दूध उतू गेलं.

दुपारी २
संकल्पात किरकोळ दुरुस्ती. एकही प्रश्न दाबायचा नाही, पण दहा ते अकरा. बाकी वेळात आलेले प्रश्न तिने मनात जपून ठेवायचे. भिंतीवर कागद लावला : कुतूहल, १० ते ११. सर्जनशीलता, ४ ते ५. मध्ये जेवण, झोप आणि शुद्धलेखन.

८ जानेवारी
दहाला बसलो. विचार म्हटलं. गप्प. सकाळपासून जपलेले कुठे गेले? म्हणाली, विसरले. हल्लीच्या मुलांना साठवणूक म्हणून माहीत नाही. साडेदहाला एक निघाला : अकरा कधी वाजतील?

१० जानेवारी
सर्जनशीलता. मनाला येईल ते काढ म्हटलं. तिने एक मोठा वाटोळा गोळा काढला, त्याला खाली दोन काड्या. म्हणाली, ही तू. मी समजावलं, की मनाला येईल ते म्हणजे झाड, घर, डोंगर असं काहीतरी. मग झाड काढलं. निळं! म्हणाली, याला थंडी वाजतेय.

ती जेवत होती तेवढ्यात मी खोड तपकिरी केलं, पानं हिरवी केली, रिकाम्या जागी दोन पक्षी घातले. चित्र फार सुरेख झालं. फ्रिजवर लावलं. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हे कुणी काढलं? मुलगी विनयशील आहे.

१३ जानेवारी
नवी पद्धत, पूर्णपणे माझी. चांगले प्रश्न निवडून चिठ्ठ्यांवर लिहिले, मागे उत्तरं लिहिली. बिस्किटांच्या डब्यातून रोज ती एक काढणार आणि मला विचारणार. पाऊस कसा पडतो? चंद्र लहानमोठा का दिसतो? अडचण एकच. वाचताना चेहऱ्यावर कुतूहल दिसत नाही. भुवया वर करायला शिकवलं. आरशासमोर पंधरा मिनिटं सराव.

वाचनालयातल्या बाईला सांगितलं. म्हणाली, म्हणजे ज्यांची उत्तरं तुम्हाला येतात तेच प्रश्न तिला पडणार? मी म्हटलं, मग काय न येणारे पाडू? ती तोंडावर हात ठेवून आत गेली. शिक्षणातलं तिला कळत नाही.

१५ जानेवारी
गोष्ट लिहायला दिली. तिची गोष्ट : एक आजी होती. ती एकदा हरवली. घरातल्यांना ते कळलंच नाही. संपली.

कल्पना बरी, पण शेवट कच्चा. मी सुधारला. सगळं शहर आजीला शोधायला निघतं, मुलगा रडतो, सून माफी मागते. वाचून म्हणाली, पण मग ही माझी गोष्ट नाही. मी म्हटलं, तुझीच आहे, फक्त चांगली केलीय.

१८ जानेवारी
व्हिडिओ कॉल. मुंगीने न अडखळता विचारलं, पाऊस कसा पडतो? भुवया अगदी केसांपर्यंत. मुलगा म्हणाला, वा. सूनबाई म्हणाली, आई, तिच्या कपाळाला काय झालंय?

२० जानेवारी
आज अनर्थ झाला. शांतपणे लिहिते.

यांचं दुकान विकलं तेव्हा नंबर तपासायची पेटी तेवढी मी घरी आणली. आत मखमली खाचा आहेत, प्रत्येक खाचेत एक भिंग, नंबरवार लावलेलं. दर रविवारी एकेक काढून पुसते आणि जिथलं तिथे ठेवते. दुकानातल्या शेवटच्या दिवशी यांनी घाईत दोन भिंगं एकमेकांच्या खाचेत ठेवली होती. चाळीस वर्षांत पहिली चूक. ती मी तशीच राखली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

दुपारी डोळा लागला. उठले तर मुलगी जमिनीवर, तपासणीची लोखंडी फ्रेम नाकावर दोऱ्याने बांधलेली, भोवती सगळी भिंगं. यांचा चष्माही कपाटातून काढलेला. तोंड अखंड चालू. म्हणाली, आजी, गंमत बघ. आजोबांच्या चष्म्यावर एकेक भिंग धरत गेलं की एक असं येतं, त्याने दोन्ही मिळून साधी काच होते! मग तेवढं भिंग एकटं लावायचं. म्हणजे आजोबांना चष्म्याशिवाय कसं दिसायचं ते आपल्याला दिसतं!

आणि माझ्याकडे बघून म्हणाली, तू नुसता डाग दिसतेस. तोंडच नाही. म्हणून त्यांना आवडायचीस का?

दुपारचे तीन. कुतूहलाची वेळ नव्हती, सर्जनशीलतेचीही नव्हती.

मी आवाज चढवला नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी बेल वाजवली, ती त्यांच्या दुसऱ्या कशासाठी तरी असावी. सगळं जिथलं तिथे लाव म्हटलं. लावलं. तासभर बसून एकेक नंबर वाचत लावलं, आणि वर आनंदाने सांगितलं, आजी, आजोबांची दोन चुकली होती, तीपण मी बरोबर केली.

हात उठला. लागला तो तिने ऐन वेळी मान वळवली म्हणून.

२१ जानेवारी
ती दोन भिंगं मी पुन्हा उलटसुलट ठेवून बघितली. पण आता ती माझी चूक होते, यांची होत नाही. पेटी माळ्यावर टाकली.

मुलगी ठीक आहे. गाल ठीक आहे. लहान मुलं पटकन विसरतात, असं पुस्तकातही कुठेतरी असेल.

२४ जानेवारी
पद्धत रुजली. पहाटेपासून घरात आवाज नाही. दहाच्या ठोक्याला येऊन बसते, चिठ्ठी काढते, भुवया वर करते, विचारते, भुवया खाली घेते, चिठ्ठीची घडी करून डब्यात टाकते. दूध एकदाही उतू गेलं नाही. चित्रातही प्रगती. तपकिरी खोड, हिरवी पानं, दोन पक्षी. रोज. मला ब्रश हातात घ्यावा लागत नाही.

२७ जानेवारी
तिला घेऊन वाचनालयात गेले. बाईने विचारलं, काय गं, कुठलं पुस्तक हवं तुला? मुंगी म्हणाली, आजी सांगेल ते. बाईने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. एरवी शिक्का मारतानाही टोमणा मारणारी. पहिल्यांदाच तिला नाव ठेवायला जागा मिळाली नाही.

मुंगीच्या पुढच्या वर्षाच्या वह्या कुठे ठेवायच्या ते ठरवलं. कपाटातला यांचा कप्पा रिकामा केला. शर्ट होते. तीन कुणाला तरी देऊन टाकले, बाकीचे उशाशी घेतलेत. तिथे जागा होती म्हणून.

३१ जानेवारी, सकाळ
आज येताहेत. टेबलावर स्वच्छ कपडा, भिंतीवर सगळी चित्रं ओळीने. मुलीला एकदाच सांगितलं, काही विचारलं तर छान बोलायचं. हो म्हणाली. जमणार. न जमायला काय झालंय?

संध्याकाळ
मुलगा खूश. किती शांत झालीय गं, म्हणाला. आमच्याकडे डोकं उठवायची. मी म्हटलं, हाताळणीचा फरक असतो. सूनबाई भिंतीशी उभी होती. पहिल्या चित्रापासून शेवटपर्यंत बघत गेली, मग पुन्हा पहिल्याकडे आली. विचारलं, ही सगळी एकाच दिवशी काढली? मी अभिमानाने म्हटलं, नाही, रोज एक.

मग तिने मुलीला जवळ ओढून विचारलं, मुंगे, पुढच्या वर्षीही राहायचं का आजीकडे? मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या. मी म्हटलं, बोल बाळा, मनाला येईल ते बोल. भुवया तशाच वर. मुलगा हसायला लागला, मग थांबला.

मग मुलीने आईच्या कानात विचारलं. मोठ्यानेच गेलं ते : आई, आपण कधी निघायचं?

बघा! चिठ्ठीशिवाय. आपणहून. मी मुलाला म्हटलंसुद्धा, बघ, विचारायला लागली की नाही? तो म्हणाला, आई, बॅग कुठेय तिची?

जेवायला थांबले नाहीत. सूनबाईची ड्युटी असेल. मुलगा जिन्यावरून म्हणाला, पुढच्या वर्षाचं नंतर बघू. नंतर म्हणजे एप्रिल-मे असावा. वह्यांचा कप्पा तसाच ठेवते.

८ फेब्रुवारी
फोन केला. सहज. सूनबाईने उचलला. मागे मुंगीचा आवाज, एकसारखा, श्वासही न घेता. शब्द कळत नव्हते, पण प्रत्येक वाक्याचं शेपूट वर जात होतं. मी म्हटलं, काय विचारतेय गं एवढं? सूनबाई म्हणाली, काही नाही हो, तिचं आपलं नेहमीचंच.

मी म्हटलं, दे जरा तिच्याकडे. दिला. मी म्हटलं, मुंगे, मी आजी. विचार बाळा, काय हवं ते विचार. किती का वाजेनात.

ती म्हणाली, मला काही विचारायचं नाहीये, आणि फोन आईकडे दिला.

मी सूनबाईला विचारलं, जेवणं झाली का. झाली म्हणाली.