दिवा राहू दे

४ फेब्रुवारी

मालकीणबाई सकाळीच खुशीत. "या चित्राच्या नकला करून विकायची परवानगी मिळाली बरं का! आता नुसती अक्षरं रंगवायची. फुलं नाहीत, पानं नाहीत. सुटलात तुम्ही!" टेबलावर मूळ चित्राचा मोठा फोटो पसरला. काळपट निळा कॅनव्हास, मधोमध पांढरे तीन शब्द — दिवा राहू दे.

तोंडाने म्हटलं, छान आहे.

हा चित्रकार एके काळी माझा नवरा होता, हे कारखान्यात कुणालाच ठाऊक नाही. ते शब्द कुणाचे, हे तर नाहीच नाही.

५ फेब्रुवारी

लिहून टाकते. डोक्यातून जाईल तरी.

ठकू. आमची लेक. अंधाराला भ्यायची. रोज अंथरुणात शिरली की तेच — आई, दिवा राहू दे! हॉस्पिटलातल्या शेवटच्या पहाटे मी तिचे धुतलेले कपडे आणायला घरी गेले होते. तो होता जवळ. परतले तोवर सगळं संपलं होतं. काय बोलली रे शेवटी? — तो भिंतीकडे बघत राहिला. किती वेळा विचारलं! एक अक्षर नाही. मग आम्ही वेगळे झालो.

पुढे एकदा रस्त्याने जाताना त्याच्या प्रदर्शनाची पाटी दिसली. आत शिरले, तर समोर हे चित्र. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. म्हणजे मला सांगवलं नाही, आणि जगाला सांगितलं! पोरीचे शेवटचे शब्द मी गर्दीत टाचा उंचावून वाचले.

९ फेब्रुवारी

प्रोजेक्टर लावून अक्षरं कॅनव्हासवर घेतली. कडांना टेप, आत पांढरा रंग. एक हात, दुसरा हात. अ‍ॅक्रिलिक भराभर वाळतं — मध्ये थांबून रडायची सोय नाही. बरंच आहे.

१४ फेब्रुवारी

खपतंय! नव्या जोडप्यांना बेडरूममध्ये हवंय. एका बाईंचा फोन — "सोफ्याला मॅचिंग, पोपटी करून द्याल?" पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या, "विजेचं बिल वाढवणारं चित्र हो हे!" सगळे हसले. मीसुद्धा. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

१५ फेब्रुवारी

पोपटी केलं.

२१ फेब्रुवारी

धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, सोड ती नोकरी. वेड लागेल तुला." सोडून काय करू? दुसरी कुणीतरी रंगवेलच की. निदान माझ्या हातून होतंय.

असं तिला सांगितलं. खरी गोष्ट निराळी आहे — मला आता काहीच होत नाही. रंगवून रंगवून शब्द मेले. कान्याच्या उभ्या रेघा, मात्रेची तिरकी रेघ, बास. ठकूचा आवाज आठवायला जावं तर नाकात वॉर्निशचा वास येतो. एवढंच उरलं होतं माझ्याकडे. तेही भिंतीभिंतीवर वाटून टाकलं.

२ मार्च

तो येणार आहे. स्वतः. नमुने पसंत करायला. मी रजा मागितली. "अहो, रंगवता तुम्ही आणि तुम्हीच नको होय?" — मालकीणबाई.

५ मार्च

आला. केस पार पिकलेत. मला बघून दारातच थबकला. "या आमच्या ताई, सगळं काम यांचंच," मालकीणबाईंनी ओळख करून दिली. त्याने हात जोडले. मीही जोडले! पोपटी कॅनव्हास मुद्दाम सगळ्यात पुढे ठेवला होता.

मालकीणबाई चहाचं बघायला गेल्या, तशी मी तोंड उघडलं. "तिचे शब्द विकलेस. मला सांगायच्या आधी विकलेस."

तो रंगाच्या उपड्या डब्यावर बसला. "तिचे नाहीत गं ते."

"खोटं बोलू नकोस."

"ती काहीच बोलली नाही. तू गेल्यावर तिने डोळे उघडलेच नाहीत. सगळं झाल्यावर सिस्टर दिवा बंद करायला आल्या, तेव्हा मी म्हणालो त्यांना. ही घाबरेल, म्हणून." डब्यावरचा वाळका रंग तो नखाने खरवडू लागला. "तू इतकं विचारायचीस. काहीच बोलली नाही, हे तुला सांगवेना."

चहा आला. आम्ही प्यायलो. नमुने पसंत पडले. तो गेला.

सगळी वर्षं जे उराशी धरून बसले आणि ज्यापायी त्याचा राग राग केला, ते तिचं नव्हतंच. आता तर काहीच नाही माझ्याकडे. कोरी भिंत.

६ मार्च

कामावर गेले नाही. उठलेच नाही.

९ मार्च

आज त्याचं दार वाजवलं. म्हटलं, भांडायला नाही आले. ठकू हसायची कशी, ते मला आठवेनासं झालंय रे. तुला येतं का?

त्याने हसून दाखवलं. खांदे उडवत, नाकातून, मध्येच उचकी लागल्यासारखं —

हुबेहूब!