राज्य कुणाचं?

रवि. ६ फेब्रु. १९४४, आष्टा

आज पुन्हा शांतवनच उपदेशाला. आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पाळकांची बदली झाल्यापासून वाटत होतं, आता माझी पाळी. मिशनच्या शाळेत वीस वर्षं खडू झिजवला, आणि व्यासपीठ कुणाला, तर ज्याला बाराखडी मी शिकवली त्याला! अजून 'ण'चा 'न' करतो.

खादीचा सदरा घालून आला. इंग्रज बादशहासाठीची प्रार्थना गाळली, तुरुंगातल्यांसाठी केली. बायका डोळे पुसत होत्या. माझी बायको रूथसुद्धा. माझ्या उपदेशाला ती जांभया देते.

मंगळ. ८

बाजारात बापू पाटलांनी हाक मारून थांबवलं. "आवं मास्तर, तुमचा शांतवन लय खमक्या मानूस हाय. आमाला वाटायचं, किरिस्ताव म्हंजी सायबाचंच."

इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. थांबले तेही त्याच्यासाठी. जळलो. वहीत खोटं कशाला?

घरी म्हटलं, देवळात राजकारण आणू नये. रूथ भाकरी थापता थापता म्हणाली, "मग बादशासाठी मागता, ते काय असतंय?"

रवि. १३

नवे फौजदार देवळात मागे येऊन उभे. शेवटी नेहमीची, येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना. 'तुझं राज्य येऊ दे' इथं शां. थांबला आणि मंडळीकडून तीनदा म्हणवून घेतलं. देऊळ दणाणलं. भूमिगतांनी गावोगाव आपलं राज्य मांडलेलं, त्यात हा शब्द!

बाहेर फौजदारांनी मलाच गाठलं. "काय मास्तर, हे कुणाचं राज्य मागतायत?"

देवाचं. एका शब्दाचं काम. पहिलीतलं पोरही सांगेल.

मी म्हणालो, "त्यालाच विचारा."

सोम. १४

सकाळी शां.ला साताऱ्याला नेलं. जाताना मला वाकून नमस्कार केला त्यानं. त्याला माहीत नाही.

गुरु. १७

मिशनच्या साहेबांची चिठ्ठी: रविवारी उपदेश तुम्ही करावा. किती वाट पाहिली होती हिची! फौजदारांचाही निरोप: सोमवारी साताऱ्याला येऊन जबाब द्या, तो शब्द सरकारविरुद्धच होता म्हणून सही करा.

रूथला दोन्ही सांगितलं. "फौजदारानं इचारलं तवा तुमी काय बोलला?" खरं सांगितलं. ती उठून चुलीपाशी गेली. तेव्हापासून अबोला.

रवि. २०

उभा राहिलो एकदाचा. शब्द न् शब्द पाठ. एकही डोळा ओला नाही. मला तेवढंच बघायचं होतं, देवा, आणि ते दिसलं नाही.

प्रभूची प्रार्थना आली. फौजदार मागे होतेच. ती ओळ मी घाईघाईत पुटपुटलो आणि पुढे गेलो. मंडळी मागून म्हणालीच नाही. मग रूथचा आवाज आला, "तुझं राज्य येऊ दे," आणि तिच्यामागून सगळ्यांचा.

उद्या सकाळची मोटार. 'देवाचं' हा शब्द या पानावर चारदा लिहून पाहिला, मग खोडला. अक्षर माझं चांगलंच आहे.

रूथ शेवटी बोलली. दोन फडक्यांत भाकरी बांधल्यात. "ही तुमची. ही शांतवनच्या हातात द्या, काय सांगायचं ते सांगून झाल्यावर."

मी दोन्ही सोडून बघितली. त्याच्या फडक्यात ठेचा जास्त आहे.