मंगळवारचा उपास

बाबा, निर्मल गावातल्या क्वार्टरचा विषय आपल्या घरात एकदा मिटला तो मिटलाच. तुम्ही गेलात त्यालाही आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. मी पन्नाशी ओलांडली, म्हणून म्हटलं, एकदा लिहून तरी टाकावं.

शहाऐंशीचा हिवाळा असेल, मी बारा वर्षांची. तुम्ही मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर, बेला भागातल्या खेड्यांत सायकलवर फिरून कुष्ठरोग्यांच्या जखमा बांधायचात. आपलं घर दोन खोल्यांचं, मातीचं. त्यात आपल्यापेक्षा उंदरांचाच हक्क जास्त. अशात निर्मलच्या दवाखान्याने तुम्हाला औषधांच्या स्टोअरवर बोलावलं. पक्कं क्वार्टर, दारात नळ, वर पंखा. मी तर त्या पंख्याखाली मनाने झोपूनही आले होते. आई म्हणाली, "तुमी ठरवा." तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "एक दिवस माह्यासंग चाल. मंग ठरवू."

तुम्ही मला त्या बाईकडे नेलंत, जिला घरच्यांनी कापसाच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधाला, वेगळी खोपी घालून दिली होती. तुम्ही तिचे पाय धुतलेत, मलम लावलंत, पट्टी बांधलीत, आणि मग तिथेच बसून तिच्या हातची भाकर खाऊ लागलात. वाटेत मला सांगून ठेवलं होतंत, "मलम कोनीबी लावते, पोरी. तिच्या घरचं कोनी खात नाही." तिने माझ्यापुढेही ताटली ठेवली. मी तिची झिजलेली बोटं पाहिली आणि म्हणाले, "माहा उपास हाय. मंगळवारचा." वर्गातल्या मैत्रिणींचं ऐकून ठेवलेलं, ऐन वेळी कामी आलं. ख्रिस्ती ड्रेसरची पोर, आणि मंगळवारचा उपास! तुम्ही घास थांबवून माझ्याकडे पाहिलंत.

ती मात्र खूश झाली. "अवं, मंग उपाशी काऊन राह्यतं? थांब, रताळी उकडतो." पोरीला उशीर नको म्हणून घाईघाईत तिने उकळत्या पाण्यातून रताळं हातानेच उचललं. भांड्याला फडकं लावायचं, गरम वस्तूला हात घालायचा नाही, हे तुम्ही तिला दर खेपेला शिकवायचात. त्या हाताला चटका कळतच नव्हता. तुम्ही ओरडलात तोवर तळव्यावर फोड आला होता. तुम्ही पुन्हा पेटी उघडलीत, आणि ती माझ्याकडे पाहून हसत म्हणाली, "खाय तू, थंड होईल."

मी रताळं घेऊन बाहेर गेले आणि तोंड पुसत परत आले.

परतताना सायकलवर तुम्ही म्हणालात, "खोटं बोलली ते वाईटच. पण मंग तिच्या हातचं खाल्लं ना, आता मले काई काळजी नाही. पंख्याबिगर आपलं भागन." त्याच आठवड्यात निर्मलला नकार कळवलात. रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे राहिलात, तेव्हा उपासाचं झाकून फक्त रताळ्याचं सांगितलंत. सगळ्या बाया माझ्याकडे वळून पाहत होत्या. आणि मी पुढची कित्येक वर्षं त्या नळावरून तुमच्यावरच धुमसत राहिले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

तुमच्या मातीला ती खोपीतली बाईही आली होती, काठी टेकत. मला जवळ घेऊन म्हणाली, "मंगळवार करतं का वं अजून?" मी "हो" म्हणाले. तिथेही.

आज माझ्या घरात चार पंखे आहेत. कुणाच्या दारी गेले तर समोर येईल ते खाते; साखर वाढते, डॉक्टर रागावतात. लोक म्हणतात, बापाचा गुण उतरलाय. उतरला असेल, पण फार उशिरा.

बाबा, ते रताळं मी खाल्लं नाही. कापसात फेकलं. तुम्हाला दुखवायचं नव्हतं म्हणून गप्प राहिले, असं स्वतःला सांगत आले, पण तेही खरं नाही. तुम्ही तोंडावर कुणाची तारीफ करणारे नव्हतात. माझी केलीत ती तेवढी एकदाच, आणि ती मला परत द्यायची नव्हती.