प्लंबरच्या शिरेत बुडबुडे

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला कुठवर आला? (मी विचारलंय म्हणून सांग, म्हणजे लाजेखातर जरा कमी खोकतील.) तू चारदा फोन केलास, मी उचलला नाही. फोनवर तू आधी ओरडतेस आणि मग ऐकतेस. पत्र निदान आधी वाचावं तरी लागतं.

तर झालं असं, की पोटाच्या साध्या सोनोग्राफीत माझ्या यकृतावर वाटाण्याहून थोडा मोठा डाग दिसला. तो निरुपद्रवी की कॅन्सरचा, हे बघायला इंजेक्शन देऊन पुन्हा सोनोग्राफी करायची ठरली. डॉक्टरीणबाई (वयाने तुझ्या धाकटीएवढ्या, आवाज मुख्याध्यापिकेचा) म्हणाल्या, शिरेतून बारीक बुडबुडे सोडणार. मी उठून चपला शोधू लागलो. बत्तीस वर्षं प्लंबिंग केलंय. पाइपात हवा शिरली की पाणी अडतं, हे मला कोणी सांगायला नको. उलट मीच बाईंना ते सांगितलं, त्यांच्याच कागदाच्या पाठीवर टाकीचं चित्र काढून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, हे बुडबुडे रक्ताच्या पेशीहून लहान असतात. कुठे अडकत नाहीत. थोड्या वेळात फुटतात आणि आतला वायू श्वासावाटे निघून जातो."

"म्हणजे आत एअर व्हॉल्व्ह आहे?"

"दोन आहेत. फुप्फुसं."

मी मुकाट्याने आडवा झालो. (बाई आमच्या धंद्यात असत्या तर भागीदारी दिली असती.)

दुधासारखं औषध शिरेत गेलं. बुडबुडे वाया जाऊ नयेत म्हणून मी श्वासच सोडेना, तेव्हा नर्सने डोळे वटारले. तेवढ्यात पडद्यावर डाग बाकीच्या यकृताच्या आधी झगझगीत उजळला. आपला डाग पहिला आला म्हणून मी टाळी वाजवायला गेलो, तर पोटावरची जेल उडाली ती थेट बाईंच्या चष्म्यावर. त्या रागावल्या नाहीत. चष्मा न पुसता पडद्याकडे बघत राहिल्या.

एकंदरीत तपासणी छान झाली. काळजी नसावी. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : तो डाग जसा आधी उजळला, तसाच आधी काळवंडलाही. हे लक्षण चांगलं नसतं, असं बाई म्हणाल्या. पुढे तुकडा काढून तपासला, त्यातही तेच निघालं. पण लहान आहे, सुई घालून जाळता येईल. बुडबुड्यांतच औषध भरून पाठवा, असं मी सुचवलं. त्यावर संशोधन चालू आहे, पण तुमच्या डागाला सुईच बरी, असं उत्तर मिळालं. गुरुवारी सकाळी आहे.

ता. क. २ : सोबत जवळचं माणूस लागतं. फॉर्मवर तुझं नाव घातलं आणि नात्याच्या रकान्यात हात आपोआप 'आई' लिहून गेला. कारकुनाने दोघांची वयं पाहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, तेव्हा खोडून 'बहीण' केलं. बुधवारीच ये.